खैरनारांच्या घरची लाईन

फोनवर खैरनार कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, “दिवे सांगा.” समोरचा गोंधळला की वैतागायचे, “अहो, मॉडेमचे दिवे. कुठला लागलाय, कुठला मिचकावतोय?” द्राक्षं परदेशी पाठवणारी आमची कंपनी. ऑफिस नाशिकला, पॅकहाऊस पिंपळगावला आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकट्या खैरनारांच्या गळ्यात. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. हंगामात आम्ही काहीजण घरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडून घ्यायचो. त्याला व्हीपीएन म्हणतात, एवढंच मला ठाऊक. “फायरवॉल म्हणजे आपल्या गेटवरचा वॉचमन,” ते समजावत. “ओळख पटली तरच आत सोडतो. आणि तुम्ही जरा गप्प बसलात की माणूस गेला समजून दार लावून घेतो.”

एकदा माझ्या घरची लाईन सारखी तुटायला लागली म्हणून ते आले. मॉडेमवर मी भरतकामाचा रुमाल टाकला होता. दारातूनच म्हणाले, “मॅडम, आधी त्याची शाल काढा. सत्कार मागाहून करू.” मॉडेमला हात लाववत नव्हता, इतका तापला होता. आपल्याकडे टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कुणालाच उघडं ठेवायची पद्धत नाही, त्यात हा नवा पाहुणा. रुमाल काढला आणि लाईन टिकली. खैरनार चहा पिताना हसत होते.

पुढच्याच हंगामात रत्नावहिनींचा, त्यांच्या बायकोचा, कॅन्सर पसरला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मूलबाळ नव्हतं. दिवसा शेजारीण येऊन बसायची. खैरनारांनी घरून काम करायची परवानगी मागितली. साहेब माणूस वाईट नव्हता. “दिवसभर लाईन टिकवून दाखवा, मग ऑफिसला येऊच नका,” ते म्हणाले.

लाईन सकाळी छान चालायची आणि दुपारी तुटायची. खैरनारांनी फायरवॉलची वेळ वाढवली, टेलिफोनची वायर बदलली, शेवटी मॉडेमही नवा आणला. तरी तेच. पिंपळगावहून ओरड सुरू झाली की वहिनींना तसंच सोडून ते स्कूटर काढायचे.

एका दुपारी मी वहिनींना भेटायला गेले. मी असतानाच लाईन गेली. खैरनार उठले, मॉडेमवरचा क्रोशाचा रुमाल अलगद उचलला, दिवे पाहिले, बटण बंद करून पुन्हा चालू केलं. लाईन आली. मग रुमालाची चारही टोकं सारखी करून तो होता तसा ठेवला. पहिला मॉडेम घरात आला तेव्हाच वहिनींनी तो पडल्या पडल्या विणला होता. मीही विणीचं कौतुक केलं.

“लाईन शे का?” वहिनींनी पलंगावरून विचारलं. दोघंही देवळ्याकडची, आपसात अहिराणीच बोलायची; ‘शे’ म्हणजे ‘आहे’.

“शे,” खैरनार म्हणाले.

एप्रिलमध्ये अशीच लाईन तुटली. पिंपळगावला कंटेनर खोळंबला होता, म्हणून खैरनार ऑफिसला आले. शेजारणीचा फोन आला तेव्हा ते सर्व्हरसमोर होते. ते घरी पोचेपर्यंत वहिनी गेलेल्या होत्या.

दिवस झाल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. नातेवाईक बायकांनी वहिनींच्या साड्या, औषधं, विणकाम बांधून माळ्यावर टाकलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. खैरनार उघड्या मॉडेमसमोर खुर्ची टाकून बसले होते.

“बायकांनी आवराआवर केली, त्यात रुमालही गेला,” ते म्हणाले. “तेव्हापासून एकदाही तुटली नाही. मॅडम, तुमच्या घरी मला दारातून दिसलं होतं.”

त्यांनी माझा हात धरून मॉडेमवर ठेवला. “बघा. गार आहे.”

साहेबांनी मग आपणहून घरून काम करायची मुभा दिली. खैरनारांनी ती कधी घेतली नाही, निवृत्तीपर्यंत रोज ऑफिसला आले. फोनवर ‘दिवे सांगा’ मात्र बंद झालं. आता रिसीव्हर उचलला की विचारायचे, “मॉडेमवर काही घातलंय का?” कुणी म्हणायचं, हो, घरच्यांनी विणलेला रुमाल आहे.

“काढा,” मग म्हणायचे. “आत्ता काढा. मी थांबतो.”