हात लावा, काही करत नाही

बारामतीच्या रस्त्याचं नाव काढलं की आजही माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. मी इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडं, एका लहानशा गावात शाळामास्तर होतो. तिथून बारामती बारा-तेरा कोस. तो रस्ता मी कुत्री घेऊन तीनदा चाललो. रेल्वेनं जायचं तर भिगवणहून दौंड, दौंडहून छोट्या गाडीनं बारामती, आणि कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत कोंडायचं. आमची कुत्री पेटीत बसणारी नव्हती, आणि तिला बसवायची माझी छाती नव्हती.

कुत्री कारवानी जातीची. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, उंच पाय. ही कुत्री वासावर जात नाहीत, नजरेवर जातात. माळावर कोसभर लांब काही हललं तरी तिची मान वर व्हायची. आमच्या घरात ही जात माझ्या पणज्यापासून होती म्हणतात. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, त्या कुत्र्यांपुढं आम्ही मुलं दुय्यमच. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

आबांची कुत्रं वाढवायची एक रीत होती. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की ते शेजारच्या वाडीवरून एखाद्या अनोळखी माणसाला बोलावून आणायचे. त्यानं गूळ-भाकरी पुढं करायची. पिल्लानं तोंड लावलं की आबा तोंडावर गार पाण्याचा सपकारा मारायचे. त्यानं पाठीवर हात ठेवायचा आणि पिल्लू उभं राहिलं, की पुन्हा पाणी. महिन्याभरात पिल्लू परक्याचा हात आला की सरकून दात दाखवायला शिकायचं. या जातीवर वाटसरूंचा डोळा असायचा, कुत्रं उचलून नेलं की परत मिळायचं नाही. "परक्याला हात लावू दील ते कुत्रं आपलं न्हाय," आबा म्हणायचे.

आता अडचण अशी होती की ही कुत्री शेवटची उरली होती. तिच्या बरोबरीचे नर काही बिबट्यानं नेले, काही आजारानं गेले. आसपास होते ते गावठी कुत्र्यांत मिसळलेले. अस्सल नर एकच, बारामतीच्या एका वकिलांकडं. त्यांनी आणि दहाबारा हौशी लोकांनी मिळून या जातीसाठी एक मंडळ काढलं होतं, आणि वर्षातून एकदा शाळेमागच्या मैदानात कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं. वकिलांनी जाहीर केलं होतं, माझा कुत्रा पहिल्या नंबराच्या मादीलाच लावीन, दुसऱ्या कुणी विचारूच नये. आबा तेव्हा दम्यानं खाटेला खिळले होते. "येक पिल्लू बगून डोळं मिटीन," एवढंच त्यांचं म्हणणं. कुत्रीला पाच वर्षं होऊन गेली होती.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा मला वाटलं, पळवून बघतील. आपल्याकडं कुत्र्याची परीक्षा म्हणजे पळणं, म्हणून आदल्या दिवसापासून तिला उपाशी ठेवलेलं. तिथं पळवणं नव्हतंच. पुण्याहून जनावरांचे डॉक्टर आले होते. ते तोंड उघडून दात बघायचे, फासळ्या चाचपायचे, शेपूट उचलायचे. आमच्या कुत्रीजवळ ते आले, हात पुढं केला, आणि ती मागं सरून गुरगुरली. तिनं तेच केलं जे तिला शिकवलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, तपासता आली नाही. एका शेंबड्या, आखूड पायांच्या कुत्रीला पहिला नंबर मिळाला, कारण ती मेंढरासारखी उभी राहिली.

परत येताना माझ्या पायाचे तुकडे पडले होते. आबांना सांगितलं तर ते चक्क हसले. "हात लावू दिला न्हाय ना? मग झालं." मी म्हणालो, "आबा, पिल्लू पायजे का न्हाय तुमाला?"

पुढच्या प्रदर्शनाला चार महिने राहिले तेव्हा मी ठरवलं, हे शिकवलेलं पुसायचं. शाळा सुटली की मी कुत्रीला घेऊन घरासमोर, रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली बसायचो. गुळाच्या गाड्या बारामतीकडं जायच्या, परत यायच्या. बांगड्या विकणारे, कल्हईवाले, डाक घेऊन जाणारा, सुप्याचे मेंढके. मी प्रत्येकाला हाक मारायचो, "या हो, हात लावा, काही करत नाही." लोकांना वाटायचं मास्तरचं डोकं फिरलं. एकाच्या मनगटावर तिनं दात उमटवले, त्याच्या घरी मला दोनदा जावं लागलं. पण भाकरीचा तुकडा, मग हात, मग पुन्हा तुकडा, असं रोज. दिवसभर मुलांना पाढे म्हणायला लावून घसा बसलेला असायचा, आणि वर हे. माझ्या नाकी नऊ आले. तिच्याही आले असतील. सुरुवातीला परक्याचा हात पडला की ती माझ्याकडं बघायची. हळूहळू बघेनाशी झाली.

आबा खाटेवरून हे सगळं बघायचे. एके दिवशी त्यांनी खाट भिंतीकडं तोंड करून फिरवून घेतली.

दुसऱ्या प्रदर्शनात ती उभी राहिली. डॉक्टरांनी जबडा उघडला, बोटं आत घातली, पोटाखालून हात फिरवला. ती हलली नाही. पहिला नंबर, एक निळी रिबीन, टाळ्या. वकील स्वतः पुढं आले आणि म्हणाले, "मास्तर, माजावर आली की सरळ घेऊन या." मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण तिच्या गळ्यात रिबीन बांधताना तिथला एक अनोळखी माणूस आला, त्यानं तिचे कान कुरवाळले, आणि तिनं शेपटी हलवली.

दोन महिन्यांनी ती माजावर आली. तिसऱ्यांदा मी तोच रस्ता धरला. भिगवणला मुक्काम करून पहाटे निघालो, आणि दुपारी बारामती कोसभर राहिली असताना कॅनॉलच्या काठाला एका बाभळीखाली बसलो. ऊन रणरणत होतं. आदल्या आठवड्यात शाळा तपासनीस येऊन गेले होते, मी धड झोपलो नव्हतो. कुत्रीची दोरी बाभळीला बांधली, टोपी तोंडावर घेतली. पाच मिनिटं पडतो म्हटलं.

जाग आली तेव्हा सावली सरकली होती. दोरी बाभळीला नव्हती. कापलेला की तुटलेला तुकडाही मागं नव्हता, म्हणजे गाठ सोडून कुणी माणसानं दोरीसकट कुत्री नेली होती. काठावर एक बाई गवत कापत होती. मी धावत तिच्याकडं गेलो.

"आवं दादा, येक मानूस आला की," ती म्हणाली. "पाठीवर हात फिरवला, दोरी सोडली, ती उठून गेली त्याच्यामागं. गुमान गेली. आमाला वाटलं तुमचाच गडी हाय."

मी बारामती पालथी घातली. वकिलांकडं गेलो, त्यांनी माणसं पाठवली. पुढं महिनाभर रविवारी सुपे, भिगवण, इंदापूरचे बाजार फिरलो. काही उपयोग झाला नाही.

चोरीच्या दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचलो तेव्हा आबा जागेच होते. माझा मोकळा हात बघून त्यांना कळलंच. तरी मी सांगितलं, चोरली. त्यांनी एकच विचारलं.

"भुकली का?"

"न्हाय."

मग ते म्हणाले, "मग चोरली म्हनू नगं कुनाला. दिली म्हन."

पुढच्या थंडीत आबा गेले. पिल्लू काही त्यांना दिसलं नाही. मला आता शाळेतली मुलंसुद्धा नीट आठवत नाहीत, पण लिंबाखालचे ते चार महिने मी अजून पुन्हा पुन्हा आठवून बघतो. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला मीच हाक मारून बोलावलं होतं, त्यातलाच कोणी असणार असं मला वाटतं. त्यांचे हात आठवतात. बांगडीवाल्याचे, कल्हईवाल्याचे काळे, मेंढक्याचे. तोंड मात्र एकाचंही आठवत नाही.