चकवत नेणारा हात

हूफडॉर्प या डच शहराहून बसने दोन थांबे पुढे आमची वस्ती आहे आणि वस्तीमागे नगरपालिकेचं उद्यान. त्यात घसरगुंडीशेजारचा एक वाफा रहिवाशांना सांभाळायला देतात. अट अशी की, दोन वेगळ्या घरांतल्या दोघांच्या सह्या हव्यात. दर सप्टेंबरला त्या नव्याने कराव्या लागतात. एकाने जरी नकार दिला, तरी वाफ्यावर पुन्हा गवत पेरतात.

प्रमिला गायकवाड मूळच्या कराडच्या. स्लोटरडाइकला एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात. चूक कुणाची, हेही कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तीन वर्षं हा वाफा त्यांनी जिवापाड जपला. "भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागते. माझं म्हणावं असं इथे एवढंच आहे," असं त्या म्हणत. दुसरी सही शेजारच्या इमारतीतल्या मंजूषा लेले यांची.

या उन्हाळ्यात दर गुरुवारी प्रमिलाबाई कामावरून येत, तेव्हा पुन्हा पेरलेली चकवताची ओळ गायब असे. मेथी जागेवर, कोथिंबीर जागेवर.

"परक्याला चकवत कुठे ओळखता येतं, दिलीपराव?" त्या मला म्हणाल्या. "चोर आपल्यातलाच आहे. मंजूषाताईंशिवाय ताकातलं चकवत या गल्लीत कोण करतं?"

मलाही ते पटलं, हे कबूल करायला हवं.

त्यांची मुलगी मैत्री म्हणाली, "आई, जस्ट आस्क हर!" मग प्रमिलाबाईंनी विचारलं, पण कसं, तर भर रस्त्यात: "काय मंजूषाताई, चकवताचा बेत गुरुवारीच असतो वाटतं?"

"मी सुपरमार्केटमधला पालक घालते हो," मंजूषाबाई म्हणाल्या. "आणि यंदा सही दुसऱ्या कुणाची तरी शोधा. चोराची कशाला?"

सह्यांची मुदत दहा दिवसांवर होती. मी आणि प्रमिलाबाई एकाच इमारतीत वर-खाली राहतो, पण दारक्रमांक एकच, म्हणजे नगरपालिकेच्या लेखी एकच घर; म्हणून माझी सही चालत नव्हती. बाकीच्या घरांना वाफ्यात रस नव्हता.

पुढच्या गुरुवारी प्रमिलाबाईंनी घरून काम केलं आणि मला उद्यानातल्या बाकावर बसवलं. दहा वाजता नारिंगी जाकिटातला उद्यानाचा माळी सायकलवरून उतरला. गुडघे टेकून त्याने चकवत मुळासकट उपटलं. मेथीला धक्का लागू नये म्हणून किती जपत होता! मी फोन लावेपर्यंत प्रमिलाबाई धावत आल्यासुद्धा.

"ही आमची भाजी आहे!"

माळी उठून उभा राहिला. "हे तण तुम्ही पेरता?" त्याने डचमध्ये विचारलं. "मला कळेना, तण इतक्या सरळ ओळीत कसं उगवतं. वाटलं, समोरचा म्हातारा मला छळायला मुद्दाम पेरतोय. दोन महिने मी त्याच्याशी बोललेलो नाही."

संध्याकाळी प्रमिलाबाई मंजूषाबाईंच्या दारात गेल्या. सोबत मला नेलं.

"सही हवीय ना?" मंजूषाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"आधी शब्द मागे घ्यायला आलेय. मी चुकले. सहीचं तुम्ही ठरवा."

मंजूषाबाईंनी प्रमिलाबाईंच्या हातातला कागद घेतला. भिंतीवरच टेकवून सही केली.

"केली सही. पण वाफ्याच्या मधोमध दोरी बांधा. अर्धा तुमचा, अर्धा माझा. पुन्हा काही गेलं, तर कुणाच्या बाजूचं गेलं हे तरी दिसेल."

रविवारी दोरी मीच बांधली. दोघी दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. मोजायची टेप मात्र दोघींनीही आपापली आणली होती.