रोडगे खाऊन खो-खो

१८ जानेवारी. सकाळी अकोल्याच्या एसटी स्टँडवर मुलांच्या हातात एकेक लिंबू देणे, हे माझ्याकडचं काम. घाटरस्ता नव्हता, तरी ओकाऱ्या होतात. लिंबू हुंगायचं होतं. निम्म्या मुलांनी ते बस लागायच्या आधीच चोखून संपवलं.

जठारपेठेत माझी मैत्रीण मंगला खेळकेंद्र चालवते. वीटभट्टीवर, भाजीबाजारात राबणाऱ्या घरांतली, आजारपणाने मागे पडलेली मुलं तिथे संध्याकाळी येतात. मी पुण्याहून महिनाभर त्यांना खो-खो शिकवायला आले होते. आज अमरावतीच्या तशाच केंद्राशी सामना होता.

पायलची आई संगीता सोबत होती. पायल काविळीतून उठलेली, हाडं दिसणारी, ताटावर रोज रुसणारी. डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली होती. संगीताने अजून दिली नव्हती.

"मॅडम, धावली का अजून वाळते पोरगी," ती म्हणाली. "आज पायतो. थकली दिसली, तर उद्यापासून माह्या संगं भाजीच्या दुकानात बसन."

"आणि नाही थकली तर?"

"तुमी पुण्याचे लोक लय तर-तर करता."

मूर्तिजापूर मागे पडलं. खिडकीबाहेर वाळलेली तूर, मधूनच हिरवागार हरभरा. पायल खिडकीला नाक लावून बसली होती. आईचं बोलणं तिला ऐकू आलं होतं.

अमरावतीत उतरलो तर मैदानाच्या कडेला गोवऱ्यांचा धूर. यजमान आयांनी रोडगे (कणकेचे विस्तवात भाजलेले गोळे) आणि वांग्याची भाजी तयार ठेवली होती.

"सामना झाल्यावर जेवू," मी म्हटलं.

"काहून? उपाशी पळवता काय पोरायले?" भाजी वाढायचा डाव हातात धरून एक बाई म्हणाली. "मंग अकोल्यात सांगत फिरसान, अमरावतीवाल्यांनी पाणीबी नाई इचारलं."

रोडगे फोडून त्यांवर तूप ओतलं गेलं. दोन्ही संघ पोटभर जेवले. पायलने अर्धा रोडगा चिवडून ताट सारलं. संगीताने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

सामना कसला, वरातच होती. खो मिळालेला गडी उठायच्या आधी विचार करायचा. एकजण खांबाला टेकला तो टेकलाच. धावत होती एकटी पायल, कारण पोटात काही नव्हतं. अमरावतीची मुलं तिच्यामागे ढेकर देत फिरली. तिला कोणी शिवू शकलं नाही. आम्ही जिंकलो.

घामाने निथळत ती थेट त्या वाढणाऱ्या बाईकडे गेली. "काकू, अजून हाय का?"

अख्खा रोडगा संपला. मग दुसरा. संगीता कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"घरी तर तोंड वाकडं करते," ती अखेर म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमचा खेळ फक्त संध्याकाळीच काहून? सकाळी जेवत नाई काय पोरगी?"

परतीच्या बसमध्ये मुलं झोपली. मला वाटलं, मीच आजवर या मुलांना खेळायची ताकद यावी म्हणून 'खा, खा' म्हणत होते. क्रम उलटाही चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडताच मैदानात चुना टाकला. बाजाराला जाताना संगीताने पायलला सोडलं आणि माझ्या हातात डबा दिला. "दोघींचा हाय. तुमीबी वाळूनच राहिल्या."

मी पायलसोबत मैदानाला फेऱ्या मारल्या आणि मग डबा उघडला.