दारूगोळ्यालाही ऊन लागतं!

आमच्या दूरक्षेत्रात दारूगोळ्यापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. नागझिऱ्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला आम्ही मोजके पोलीस. संध्याकाळी अंगणात खाटा पडल्या की कुणीतरी सुरू करतंच. किश्श्यांना ऊन बाधत नाही. दारूगोळ्याला बाधतं, आणि त्या खोलीची चावी माझ्या कमरेला! त्यामुळे निम्म्या किश्श्यांतली भांडकुदळ बाई मीच.

*

साहेब नवीन आले तेव्हाची गोष्ट. ऐन मे महिना. मी म्हटलं, "साहेब, दुपारी ही खोली उघडायची नाही. गरम हवा आत शिरते."

साहेब हसले. "अहो, काडतुसं आहेत ती, आइसक्रीम नाही!"

"आइसक्रीम बिघडलं तर कुणी मरत नाही, साहेब!"

तेव्हापासून आमचं काही जमलं नाही. उन्हानं काडतूस लगेच फुटत नाही हो, पण आतली दारू तापून तापून बिघडते. मग जंगलात नेमक्या वेळी गोळी दगा देते. हातबॉम्बचं तर बोलायलाच नको.

*

हवालदार बिसेनकाका म्हणजे पक्के धानवाले. माझी काळजी पाहून त्यांनी एकदा काय करावं? खोलीच्या छतावर तणसाचा, म्हणजे भाताच्या वाळक्या पेंढ्याचा, हा जाड थर!

"काका, हे काय?"

"तनस हाये. आमचा गोठा पाहा कसा थंडागार राह्यते!"

"आणि ठिणगी पडली तर? तुमच्या गोठ्यात गाई असतात काका, त्या फुटत नाहीत!"

काका रुसले. पण तणस त्यांनीच उतरवलं.

*

मग पोरांनी वर्गणी काढून कूलर आणला आणि थेट काडतुसांच्या पेट्यांसमोर लावला. मी ओरडले, "अरे, ऊन चालत नाही तसा ओलावाही चालत नाही! गंज चढेल."

पुढच्या मिनिटाला कूलर बराकीत!

"म्याडम," बिसेनकाका खाटेवर पाय पसरून म्हणाले, "कारतूस ओलाव्याले भेते. आमी नाही भेत."

*

मागच्या उन्हाळ्यात साहेबांकडे वरचे पाहुणे यायचे होते. हुकूम सुटला, पक्की खोली पाहुण्यांच्या आरामाला, पेट्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडला लागूनच बराक. भिंतीपलीकडे आमची पोरं झोपतात!

मी सरळ सांगितलं, "चावी देणार नाही."

"बदली करीन!"

"करा. नवीन येईल त्यालाही हेच शिकवून जाईन."

तोंडानं बोलले, पण खरं सांगते, बदली मला नकोच होती. घरी लहान लेकरं, आणि बदलीचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. तरी चावीवरची मूठ काही सुटली नाही.

साहेबांनी ताडकन उठून टेबलावर हात आपटला. "एवढ्याशा उन्हानं काही होत नाही! माझी गॅरंटी आहे!"

बिसेनकाका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते आत आले, साहेबांच्या मागची खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागले.

"ओ बिसेन! माझी खुर्ची कुठं नेताय?"

"पत्र्याच्या शेडात, साहेब. ग्यारंटी तुमची हाये ना? मंग पेट्यायजवळच बसा ना जी!"