थेल्मा हॅल्स्टेडने न धुतलेले सदरे

चेंडू लाथाडण्याचा ज्यांना पगार मिळतो आणि तरीही ज्यांना तो धड लाथाडता येत नाही, अशा माणसांच्या मळक्या चड्ड्या थेल्मा हॅल्स्टेडने एकवीस वर्षं धुतल्या. मी तिची मैत्रीण, जॉयस. त्याच मैदानावर चहाची खिडकी मी सांभाळत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. निदान बरंचसं.

आम्ही दोघी उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅकनशॉ गावच्या. पंधराव्या वर्षी एकाच कापडगिरणीत लागलो, शेजारशेजारच्या मागांवर. तिथे खडखडाट असा असायचा, की शेजारणीने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येणं मुश्कील. मग आम्ही सगळ्याच बायका ओठांवरून वाचायला शिकलो. अख्खी लग्नं जुळायची नि मोडायची, कुणाच्या तोंडून आवाज न फुटता. थेल्मा त्यात सगळ्यांच्या वरताण. मुकादम काचेच्या खोलीत मालकाशी काय बोलतोय ते ही मागावरून सांगायची.

एकसष्ट साली गिरणी बंद पडली. थेल्माचा नवरा त्याआधीच वारला होता. ब्रॅकनशॉ टाउन या आमच्या फुटबॉल क्लबला धुणंवाली हवी होती, ती गेली. चहाला बाई हवी होती, मी गेले. मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडच्या जिन्याखाली तिची खोली होती. एक मोठं मशीन, दगडी हौद, इस्त्री. रक्ताचा डाग थंड पाण्यात, गवताचा व्हिनेगरमध्ये, आणि चिखल वाळल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही, हे तिचे कायदे. सामना ती फारसा बघायचीच नाही. संध्याकाळी कपड्यांची टोपली पुढ्यात आली की एकेक चड्डी उचलून म्हणायची, "हा पळाला. हा पडला. हा बघ, हा लग्नाला आल्यासारखा उभा होता."

ती काही व्रतवैकल्यवाली बाई नव्हती. शनिवारी संध्याकाळी 'शटल' नावाच्या पबात आम्ही दोघी काळ्या बिअरचा अर्धा अर्धा ग्लास घ्यायचो. तिचा बाप तर टाउन हरलं की प्यायचा, जिंकलं की प्यायचा, आणि उन्हाळ्यात सामने नसायचे तेव्हा सवय मोडू नये म्हणून प्यायचा. दारूबद्दल तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात कपची पहिली फेरी आमच्या मैदानावर होती. समोर थॉर्न्ली ब्रुक. हौशी मंडळी. त्यांचा गोली शाळेत भूगोल शिकवायचा. त्यांचा पुढचा गडी दूधवाला, सकाळी पाचला दारोदार बाटल्या ठेवून मग आमच्याकडे खेळायला आलेला. आमचे मात्र सगळे पगारी, सोमवार ते शुक्रवार दुसरं काही काम नसलेले. दूधवाल्याने तीन गोल मारले. चौथा आमच्याच एका बचाववाल्याने आमच्याच जाळ्यात घातला, फार मन लावून. शून्य-चार.

शेवटची वीस मिनिटं तर आमचे लोक चालत होते. थकून नव्हे हो. थकायला आधी पळावं लागतं. कप्तान क्लाइव्ह पेंडलबरी कमरेवर हात ठेवून मधल्या रेषेवर उभा होता, बसची वाट बघत असल्यासारखा. एकटा गोली डेझमंड फेअरक्लफ काय तो जीव तोडून पडत होता. चौतीस वर्षांचा माणूस, शेवटी त्याचं बोटही मोडलं. सामना संपल्यावर मी कपबशा गोळा करायला खेळाडूंच्या खोलीत गेले तेव्हा तो बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. रडत होता. मी कपबशा तिथेच ठेवून परत आले.

साडेपाचला 'शटल' उघडलं. आत सुतक. म्हातारे मफलर गळ्यात तसेच ठेवून ग्लासात बघत बसलेले. सहाच्या सुमारास दार उघडलं आणि आमचे सहा शूरवीर आत आले. केस धुतलेले, फुगवलेले, अत्तर फवारलेलं. पुढे पेंडलबरी, कातडी कोटात. आणि गंमत बघा, याच माणसांनी अख्खी दुपार नासवली आणि यांच्यासाठीच दोन म्हातारे कोपऱ्यातलं टेबल सोडून उठले! एकाने तर "बॅड लक, क्लाइव्ह" म्हणून पाठ थोपटली. कण्याच्या जागी मफलर असला की असं होतं.

आमच्या टेबलाशी अल्बर्ट होता. तो पूर्वी क्लबात खेळाडूंचं अंग रगडायचा, आता निवृत्त. थेल्माचं तोंड बघून म्हणाला, "पिऊ दे गं त्यांना. मार खाल्ला की माणूस पितोच."

"मार खायला अंगावर जावं लागतं, अल्बर्ट. हे कुठे गेले होते?"

"मग काय घरी जाऊन रडत बसायचं?"

"रडायचं कशाला? यावं, गुपचूप एक ग्लास घ्यावा, चार लोकांच्या नजरेला नजर द्यावी आणि जावं. माझा बापही हरल्यावर प्यायचा. पण त्याचा चेहरा हरल्यासारखा असायचा."

"चेहऱ्याने काय होतंय?"

"तुला काही होत नसेल," थेल्मा म्हणाली.

तेवढ्यात त्या सहांपैकी कुणीतरी गाण्याच्या पेटीत नाणं टाकलं आणि मोठमोठ्याने गाणं सुरू झालं. माझी त्यांच्याकडे पाठ होती. थेल्मा समोर, तिला ते टेबल थेट दिसत होतं. मी माझ्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होते. एकदम लक्षात आलं, ही ऐकत नाहीये. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे. ती वाचत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने बोट वर करून मला थांबवलं. मग म्हणाली, "पेंडलबरी म्हणतोय, चार काय नि आठ काय, शुक्रवारी पगार होतोच. रडायला ही म्हातारी खोडं आहेत की."

"जाऊ दे गं."

"आता डेझमंडची नक्कल करतोय. बाकावर बसून कसा हुंदके देत होता त्याची. बोट वाकडं करून दाखवतोय." मग म्हणाली, "सगळे हसले."

हसण्याचा आवाज मलाही आला. थेल्माने ग्लास रिकामा केला, कोट घातला आणि घरी गेली. त्यांच्या टेबलाकडे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं.

सोमवारी दहाला सराव. खेळाडू आले तर खुंट्यांवर शनिवारचेच कपडे, जसेच्या तसे. चिखल वाळून पुठ्ठा झालेला, मोजे काठीसारखे ताठ, आणि वास असा की मला चहाच्या खिडकीपर्यंत आला. राखीव गडी धरून बारापैकी अकरा जणांचे कपडे तसे. डेझमंडचा हिरवा सदरा तेवढा धुतलेला, इस्त्री केलेला, हँगरवर.

पेंडलबरी थेल्माच्या खोलीत डोकावला. "मावशी, मशीन बिघडलं का गं?"

"मशीन ठणठणीत आहे. मी बिघडलेय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं तू धू. शुक्रवारी पगार होतोच की."

त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. मग मॅनेजर मिस्टर ग्रिमशॉ आले. माणूस दक्षिणेकडचा, सभ्य आणि कायम घाईत.

"मिसेस हॅल्स्टेड, पोरांनी दोन ग्लास घेतले म्हणून तुम्ही संप करणार?"

"दोन घेतले की वीस, मला काय त्याचं? ते काय बोलले ते विचारा त्यांना." आणि तिने शब्दन्‌शब्द सांगितलं.

पेंडलबरी उसळला. "ही वीस फुटांवर होती! वर गाणं वाजत होतं! हिला ऐकू कसं येईल?"

"ऐकलं नाही. वाचलं."

गिरणी न पाहिलेल्या दक्षिणेकडच्या माणसाला हे काय कळणार? ग्रिमशॉंना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. त्यांनी मला बोलावलं. "जॉयस, तुम्ही तिथेच होतात ना? तुम्ही पाहिलंत?"

"माझी पाठ होती, साहेब," मी म्हणाले.

ते खरंच होतं. पण मी एवढंही म्हणू शकले असते, की साहेब, तीस वर्षांत थेल्माने वाचलेला एक शब्द चुकलेला मला माहीत नाही. ते मी म्हटलं नाही. चहाची खिडकी क्लबची होती, आणि मला ती हवी होती. पेंडलबरीला मी नावं ठेवते तेव्हा हे मला आठवत नाही असं नाही.

दुपारी अध्यक्ष आले. गालिचे विकणारा माणूस, बोलतानाही समोरच्याच्या पायाखाली काहीतरी अंथरतोय असं वाटायचं. म्हणाले, घडलं ते घडलं, क्लाइव्हची माफी मागा आणि मशीन लावा, नाहीतर अवघड होईल. थेल्माने ॲप्रन काढला, घडी घातली, स्वतःची किटली पिशवीत टाकली आणि निघाली. मी फाटकापर्यंत गेले.

"थेल्मा, माझी खरंच पाठ होती गं."

"पाठ होती, जॉयस," ती म्हणाली, "पण तोंडही होतं."

पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एका शनिवारी स्वतःच 'शटल'मध्ये येऊन माझ्यासमोर बसली आणि बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

गावात मात्र निघाला. आमच्या साप्ताहिकाने बातमी छापली, आणि वाचकांच्या पत्रांना ऊत आला. सपाटून हरल्यावर खेळाडूंनी पबात जावं की नाही? एका पाद्रीबाबांनी लिहिलं, दारू हीच पराभवाची आई. एका डॉक्टरने लिहिलं, तरुण शरीराला विरंगुळा हवा. एकाने लिहिलं, हरल्यावर यांना शनिवार-रविवार मैदानातच कोंडून ठेवा. आणि एका बाईने लिहिलं, बिचारी किती देखणी पोरं आहेत, त्यांना बोलू नका.

थेल्मा ती पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवायची आणि प्रत्येकाला एक शिवी घालायची. "हा गाढव. हा त्याचा भाऊ. अगं, मी बिअरबद्दल बोललेच कधी? त्या डेझमंडला कुणी नेलं असतं, त्याच्या पाठीवर हात ठेवून एक ग्लास पाजला असता, तर मी सगळ्यांचे मोजे हाताने धुतले असते. पण हे असले! दुपारी लाज विकली आणि संध्याकाळी बसून हसले."

क्लबने काय करावं? नियम काढला. पराभवानंतर दोन दिवस कुठलाही खेळाडू पबात दिसता कामा नये. अध्यक्षांनी पेपरासाठी फोटो काढून घेतला, नियमाच्या पाटीला बोट लावून. लोक थेल्माला रस्त्यात थांबवून सांगायचे, "तुझ्यामुळे शिस्त लागली हो." ती म्हणायची, "पबात दिसायचं नाही ना? मग पडदे ओढून प्यायचं." तसंच झालं. हरल्यावर सगळे पेंडलबरीच्या घरी जमायचे. शेजारपाजारच्यांना हसणं ऐकू यायचं. एप्रिलमध्ये टाउन तळाला जाऊन चौथ्या विभागात घसरलं. ते दारूमुळे घसरलं असं म्हणणं म्हणजे दारूवर अन्याय आहे.

तोवर थेल्मा एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली होती. डेझमंडने खेळ सोडून बस चालवायला घेतली, बोट शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. मे महिन्यात एका रविवारी मी थेल्माकडे वाटाणे सोलत बसले होते, तर दारात पेंडलबरी. हातात फुलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

"मावशी, एक काम होतं."

थेल्मा उंबऱ्यात उभी. आत ये म्हणाली नाही.

"समुद्रकाठच्या एका मोठ्या क्लबला मी हवा आहे. पण ती पेपरातली बातमी त्यांच्या कानावर गेलीये. तू एक चिठ्ठी दे ना. गैरसमज झाला म्हणून. ओठांवरून वाचताना चूक होऊ शकते, तेवढंच लिही."

"चूक झाली का माझी?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? हे बघ क्लाइव्ह, इथे गाणं वाजत नाहीये. जॉयसची पाठही नाहीये. त्या दिवशी तू काय बोललास ते आता मोठ्याने सांग. माझ्या वाचण्याहून वेगळं निघालं तर हवी तेवढी चिठ्ठी देते."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी वाटाणे सोलायचे थांबवले आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ हलले, पण त्यातून काही निघेना. वाचण्यासारखंही नाही.

"थट्टा होती, मावशी," तो शेवटी म्हणाला. "हरल्यावर माणूस काहीतरी बोलतो."

"मग तसं लिहून दे त्यांना. तुझ्या हाताने." तिने दार लावलं. फुलं तो उंबऱ्यावर ठेवून गेला. ती तिने शेजारच्या म्हातारीला दिली, फुलांचा काय दोष म्हणून.

चिठ्ठीवाचून त्याचं काहीच अडलं नाही. त्या क्लबने त्याला घेतलं. असल्यांचं कधी अडत नाही. सप्टेंबरमध्ये पेपरात बातमी आली, पहिल्याच महिन्यात पेंडलबरीचे पाच गोल, नव्वद मिनिटं वाघासारखा धावतो, तिथले प्रेक्षक खूश. सोबत फोटो, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

मला वाटलं थेल्मा चिडेल. तिने फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला.

"म्हणजे मेल्याला धावता येत होतं," ती म्हणाली, आणि त्याच पानावर बटाटे सोलायला घेतले.