स्क्रीनच्या कोपऱ्यातली आई

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात कामाच्या वेळी खाजगी इंटरनेट बंद झालं, तेव्हा सगळ्यात खूश मीच होतो. टीमचा साहेब मी, अन् पोरं पाहावं तेव्हा क्रिकेट नाही तर कपड्यांचे सेल पाहून राहिलेली. म्हटलं, आता कशी येतात वठणीवर!

बाकीची आलीही. पण आमची सगळ्यात हुशार पोरगीच कोलमडली. चिडलेल्या ग्राहकाला फोनवर शांत करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तीच ग्राहकांवर तडकू लागली. वरून निरोप आला, सुधारत नसेल तर काढून टाका.

मी तिला बोलावलं. "काहून वं, काय होऊन राहिलं तुले?"

ती रडलीच. "सर, आई काटोलले असते. लकवा मारला तिले. वहिनी वावरात गेली का एकटीच. व्हिडिओ कॉलवर स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसे, त जीव थाऱ्यावर राहे माहा. आता फोन वाजला का वाटते, आईच पडली."

मी वरच्यांशी भांडलो. शेवटी तिच्यापुरती ती एक खिडकी, आवाज बंद ठेवायच्या अटीवर, उघडून मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. फोनवर कोणीतरी तिच्यावर खेकसत होता, अन् ही पोरगी अशी नरमाईनं बोलत होती की बाप रे! कोपऱ्याकडे तिची नजरही जात नव्हती. आई तिथं आहे, एवढंच तिला पुरत होतं. मी थक्क होऊन पाहतच राहिलो.

तेवढ्यात आईला मी दिसलो. पोरीची नोकरी कोणाच्या हातात आहे, हे तिला माहीत असावं. तिनं चांगल्या हातानं पदर डोक्यावर घेतला. मग खाटेची कड धरून, थरथरत, उठायला लागली.

ग्राहकाला जरा थांबायला सांगून पोरगी कुजबुजली, "सर, डॉक्टर सांगून थकले, आम्ही हातापाया पडलो, तरी उठत नव्हती हो ते..."

आई उभी होती. मी हात जोडले. बसा, बसा, म्हणून खुणा केल्या. बसेचना.

मग मी बाजूची खुर्ची ओढली अन् बसलो. तेव्हा कुठं ती बसली.