काजळी लावलेले काडतूस

दिगंबर गेल्याची बातमी मला रायफल क्लबच्या व्हॉट्सॲप गटावरून कळली, इतर चाळीस जणांसोबत. सदतीस वर्षांच्या मैत्रीनंतर मला त्या गर्दीत उभे केले गेले, याचा राग पाच आठवडे उलटले तरी ओसरलेला नाही. घाटकोपरला त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. सगळे म्हणाले, त्यांना माहीत असेलच." हे 'सगळे' कोण, ते मी विचारले नाही...

शोकसभेत आमच्या चिटणिसांनी एक किस्सा सांगितला. दिगंबरसारखा कसबी माणूसही एकदा चुकला, त्याने भरलेली काडतुसे ऐन स्पर्धेच्या सकाळी रायफलीत बसेनात, आणि त्याने ती चूक हसत पत्करली. श्रोते गहिवरले. ही हकीकत साफ खोटी आहे. तिचे खंडन करण्यासाठी मी उठलो, माईक मागितला आणि 'दिगंबर लेथवर उत्तम काम करीत असे' एवढेच बोलून खाली बसलो. म्हणून हा लेख.

दिगंबरचे साकीनाक्याला लेथचे वर्कशॉप होते. मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. क्लबच्या परवान्यावर वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरल्या जात, आणि ते काम आम्हा दोघांत वाटलेले असे. पुंगळ्यांची लांबी व्हर्नियरने मापून वाढलेले तोंड कापायचे ते मी. दारू भरून गोळी बसवायची ती त्याने. नेमबाज मात्र 'दिगूकाकांची काडतुसे' म्हणत. माझ्या मापाचे नाव कोणी घेतल्याचे स्मरत नाही. हे मला तेव्हा लागे आणि आजही लागते.

त्या स्पर्धेच्या सकाळी काडतूस आत ढकलणारा रायफलीचा बोल्ट अर्ध्यावर अडू लागला. एक नेमबाज तळव्याने ठोकून तो बंद करू पाहत होता. दिगंबरने त्याचा हात धरला आणि सारी काडतुसे बाजूला काढायला लावली. काडतूस जिथे बसते त्या चेंबरमध्ये कचरा आहे, असे मी ठामपणे सांगितले. चेंबर स्वच्छ निघाले. मग मी रायफलीला दोष दिला. दुसऱ्या रायफलीतही तेच झाले. दिगंबर वाद घालत बसला नाही. प्रत्येक खेपेतले एक काडतूस दारूविना, निव्वळ नमुना म्हणून बनवून ठेवायची त्याला सवय होती. ते त्याने मेणबत्तीच्या काजळीने काळे केले, चेंबरमध्ये हलकेच सरकवले आणि बाहेर काढले. पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या खांद्यापाशी काजळी पुसली जाऊन पितळेची एक कडी चमकत होती. पुंगळी लांब राहिली, की गोळी दाबून बसवणाऱ्या साच्याला, म्हणजे डायला, तिचे तोंड आधीच टेकते आणि उरलेल्या दाबाने खांदा फुगतो. त्याने माझाच व्हर्नियर माझ्या हातात दिला. मी मापले. लांबी जास्त होती... त्या खेपेतल्या पाच पुंगळ्या मी मापल्या होत्या आणि बाकीच्या नुसत्या नजरेने पास केल्या होत्या.

मी काही बोलणार तोच तो हळूच म्हणाला, "गप रे अनंता. गोळी मी बसवली ना? मग झालं." बाहेर जाऊन त्याने सांगितले की डाय आपणच जास्त खाली घेतली होती. मी गप्प राहिलो. चूक माझी होती आणि तिच्यावरचे कौतुकही त्याने नेले, याचा मला इतका हेवा वाटला की आभार मानायचे राहूनच गेले.

आमचे चिटणीस त्या काळी क्लबमध्ये नव्हते. मग हा किस्सा त्यांना सांगितला कोणी? मी. कँटीनमध्ये, चहा घेता घेता, चांगला रंगवून.

त्या दिवशी घाटकोपरहून निघताना वहिनींनी त्याच्या खणातली एक डबी माझ्या हाती दिली. आत ते नमुन्याचे काडतूस होते. काजळी जवळजवळ उडाली आहे, कडीची चमकही गेली आहे. ते आता माझ्या टेबलावर, व्हर्नियरशेजारी असते. काल पुन्हा मापून पाहिले. पुंगळी अजून लांबच आहे.